घाटात कसलेला हात आणि लाल खडीचा रस्ता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या प्रवासावर एक लेख आला होता. उलुरूचा प्रचंड खडक, किंग्ज कॅन्यनची दरी, लाल माती, रात्रीचं आभाळ हे सगळं लेखकाने मनापासून लिहिलं आहे. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर मी तो इथे ॲलिस स्प्रिंग्जमध्ये वाचला आणि एका परिच्छेदापाशी थांबले. भाड्याने गाडी घ्यावी, डांबरी महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याने जावं, अंतर वाचतं, वाटेत कुणी आडवं येत नाही आणि आपल्या घाटांत गाडी चालवलेल्या माणसाला हे रस्ते अवघड नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. तेवढ्या एका सल्ल्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं लोक आताच काढत असतील, म्हणून ते लवकर छापावं ही विनंती.

मी मूळची बार्शीची. २०१२ पासून ॲलिस स्प्रिंग्जमध्ये नर्स आहे, त्यातली पाच वर्षं अपघात विभागात काढली. हे गाव नॉर्दर्न टेरिटरी नावाच्या प्रदेशात येतं. हा प्रदेश आकाराने महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि वस्ती जेमतेम अडीच लाख. तरीही लोकसंख्येच्या मानाने रस्त्यावरचे मृत्यू साऱ्या ऑस्ट्रेलियात इथे सर्वांत जास्त, देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट. आमच्याकडे येणाऱ्या जखमींत समोरासमोर धडक झालेले थोडे असतात. बहुतेक वेळा दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर एकटीच गाडी उलटलेली असते. रिकाम्या रस्त्यावर गाडी उलटते कशी, हे मला पहिली काही वर्षं नीट कळत नव्हतं. ते कळलं जुलै २०१९ मध्ये, माझ्या सख्ख्या भावाच्या शेजारच्या सीटवर.

दादा एसटीत ड्रायव्हर होता, ३१ वर्षं. पहिली नऊ वर्षं चिपळूण आगारात. पावसाळ्यातला कुंभार्ली घाट, धुकं, दरडी, समोरून लाकडाने भरलेले ट्रक. पुढे बार्शीला बदली झाली आणि रातराणी आली. एवढ्या वर्षांत एकही अपघात नाही. निवृत्तीच्या दिवशी डेपोत सत्कार झाला, तेव्हा तो भाषणाला उभा राहिला नाही, बाहेर जाऊन गाडीच्या पाया पडून आला. दादा गाडीवर असला की आमच्या घरातले सगळे निवांत झोपतात. म्हणून तो आणि वहिनी इथे आले, तेव्हा मीच त्याच्या हातात किल्ली दिली. परवाना इंग्रजीत होता, भाडेकरारात दुसरा चालक म्हणून नाव लावलेलं होतं, रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायची सवय जन्माची. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता, तो मामीबरोबर मागे बसला. माझा नवरा कामावर होता म्हणून आला नाही.

आम्ही मेरीनी लूप नावाच्या रस्त्याने किंग्ज कॅन्यनला निघालो होतो. ॲलिसपासून पश्चिमेला हर्मन्सबर्गपर्यंत सुमारे १३० किलोमीटर डांबर आहे. हर्मन्सबर्ग म्हणजे १८७७ साली जर्मन ल्युथरन मिशनऱ्यांनी वसवलेलं ठाणं. चित्रकार आल्बर्ट नामाट्जिरा १९०२ मध्ये इथेच जन्मले. त्यांच्या जलरंगांतले जांभळे डोंगर मला आधी खोटे वाटायचे, पण हिवाळ्याच्या सकाळी ते डोंगर खरोखर तसेच दिसतात. तिथून पुढे दीडशे किलोमीटरहून थोडा जास्त कच्चा रस्ता. जमीन तिथल्या आदिवासींच्या मालकीची असल्याने जाण्यासाठी परवाना घ्यावा लागत होता, तो घेतला. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह होती. जवळ वीस लिटर पाणी, जेवणाचे डबे, चार रग. डांबर संपलं तिथे मी उतरले आणि टायरमधली हवा ३६ वरून २८ वर आणली. दादा म्हणाला, "चांगली भरलेली हवा सोडतेस कशाला?" हवा कमी केली की टायर जरा पसरतो, खडीला धरून राहतो आणि टोकदार दगडाने सहज फाटत नाही, असं मी सांगितलं. त्याला ते लगेच पटलं. टायरची भाषा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. ती मला स्वतःलाच पुरती कळलेली नव्हती.

या रस्त्यांवर आडव्या लाटा पडतात, अगदी पन्हळी पत्र्यासारख्या, हात-दोन हातांवर एक. कोरड्या, सुट्या खडीवरून ठरावीक वेगापेक्षा जोरात चाक गेलं की जराशा उंचवट्यावर ते उडतं, पुढे आपटतं, आपटताना खडी ढकलतं, आणि तिथे नवा उंचवटा तयार होतो. मागून येणारं चाक तेच करतं. ग्रेडर फिरवून रस्ता सपाट केला तरी काही आठवड्यांत लाटा परत येतात. ताशी चाळीसच्या वेगाने गेलात तर गाडीचा प्रत्येक स्क्रू खडखडतो, दात वाजतात, बोललेलं ऐकू येत नाही. पण वेग वाढवत नेला की ऐंशीच्या आसपास एकाएकी सगळं शांत होतं आणि रस्ता गुळगुळीत वाटायला लागतो. दादाने हे दहा मिनिटांत हेरलं. मागे बसलेल्या वहिनीने हुश्श केलं. मीही केलं.

रस्ता गुळगुळीत झालेला नसतो. त्या वेगाला चाक एका लाटेच्या माथ्यावरून दुसरीच्या माथ्यावर उडत जातं, मधल्या खळग्यात उतरतच नाही. म्हणजे बराचसा वेळ चाकाखाली जमीन नसते. अशा वेळी ब्रेक आणि स्टिअरिंग जागच्या जागी असतात, आपले हातपायही तिथेच असतात, फक्त त्यांचं म्हणणं जमिनीपर्यंत पोचत नाही. आत बसलेल्याला हे कळायला काही मार्ग नाही. उलट त्याला वाटतं, आता गाडी छान हातात आली.

साठ-बासष्ट किलोमीटर आत गेल्यावर डावीकडच्या मलगाच्या झुडपांतून तीन रानघोडे रस्त्यावर आले. इथे त्यांना ब्रंबी म्हणतात. कितीतरी वर्षांपूर्वी टेंभुर्णीजवळ उसाच्या ट्रॉलीमागून म्हैस आली होती, तेव्हा दादाने केलं होतं तेच आताही केलं. करकचून ब्रेक, आणि स्टिअरिंग उजवीकडे. त्या दिवशी बसमधले चाळीस-पन्नास प्रवासी त्यामुळे वाचले होते. इथे मात्र खळ्यात सांडलेल्या ज्वारीवरून धावताना पाय सटकतो तशी गाडी सटकली. मागची बाजू डावीकडे फिरली. दादाने ती सावरली, तर ती उजवीकडे फिरली. ग्रेडर रस्त्याच्या कडेला खडीचा गुडघाभर बांध सारून ठेवतो. त्या बांधावर पुढचं चाक चढलं, गाडी दोन चाकांवर उभी राहिली. मला खिडकीतून फक्त आभाळ दिसत होतं. मग ती पुन्हा चार चाकांवर बसली, एवढ्या जोरात की डावं पुढचं चाक आत वाकलं. धूळ बसेपर्यंत कोणी बोललं नाही. मग मुलाने मागून विचारलं, "मामा, झालं?"

घोड्यांना काही झालं नव्हतं. ते पलीकडच्या झुडपांत गेलेही होते.

वहिनीचं हासळीचं हाड मोडलं होतं. बाकीच्यांना फक्त मुका मार. सगळ्यांचे पट्टे लावलेले होते, मागच्या सीटवरचेसुद्धा, म्हणून आज मी हे लिहू शकते. अपघात विभागात मी ज्यांना पाहिलं आहे त्यांतले कितीतरी जण उलटताना गाडीबाहेर फेकले गेलेले होते. आपल्याकडे मागच्या सीटवर पट्टा लावणं म्हणजे ड्रायव्हरवर अविश्वास, असं अजून कित्येकांना वाटतं. कृपा करून असं मानू नका.

त्यानंतरचे अडीच तास मला अपघातापेक्षाही जास्त आठवतात. सकाळचे अकरा वाजून गेले होते. वहिनीच्या शालीची झोळी करून मी तिचा हात बांधला आणि तिला गाडीच्या सावलीत बसवलं. चौघांचे चार फोन, एकावरही रेंज नाही. दादा एकसारखा येरझाऱ्या घालत होता. शेवटी म्हणाला, "मागे दहा-बारा किलोमीटरवर पाण्याची टाकी दिसली होती. टाकी आहे म्हणजे माणूस असणारच. मी चालत जाऊन बोलावून आणतो."

टाकी आहे म्हणजे माणूस असणारच! बार्शी तालुक्यात हे शंभर टक्के खरं आहे. इथे ती टाकी गुरांसाठी जमिनीतून पाणी उपसून भरलेली असते. तिच्या मालकाचं घर तिथून साठ-सत्तर किलोमीटरवरसुद्धा असू शकतं, आणि तो टाकीपाशी कधी फिरकेल याचा भरवसा नाही. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, मी त्याच्यापुढे आवाज चढवून कधी बोललेली नव्हते. त्या दिवशी बोलले. गाडी सोडून कोणीही कुठे जायचं नाही, असं सांगितलं आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली.

मला त्या क्षणी १९६३ ची एक गोष्ट आठवत होती. इथे आल्यावर नव्या माणसाला ती कोणी ना कोणी सांगतंच. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरीपासून क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलपर्यंत ५१७ किलोमीटरचा बर्ड्सव्हिल ट्रॅक जातो. त्या वर्षी डिसेंबरच्या उन्हाळ्यात इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेलं पाच जणांचं एक कुटुंब त्या भागात रस्ता चुकलं. पेट्रोल संपलं. पाणी शोधायला ते गाडी सोडून निघाले. पाचही जण तहानेने मेले. चाळिशीच्या वरच्या उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जातो, कधी त्याहूनही जास्त. बरोबरचं पाणी काही तासांत संपतं, आणि त्याच्याही आधी डोकं काम करेनासं होतं. विमानातून गाडी दिसते, झुडपाखाली पडलेला माणूस दिसत नाही. आम्ही जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात होतो, ऊन सोसवत होतं. पण जुलैच्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि दादाच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता.

दोनच्या सुमाराला एक जुनी लँड क्रूझर आली. पश्चिम अरेंटे समाजाचे एक आजी-आजोबा आणि त्यांची दोन नातवंडं. या रस्त्यांवरचा रिवाज असा की समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, आणि थांबलेली गाडी दिसली की विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाही. आजोबा नातवंडांना घेऊन फोन करायला किंग्ज कॅन्यनकडे गेले. आजी आमच्यापाशी राहिल्या. त्यांनी मलगाचं वाळकं लाकूड गोळा करून जाळ केला, डब्यात चहा उकळला आणि पहिला पेला दादाला दिला. मदत आली तेव्हा संध्याकाळ होत होती. तोवर त्या हलल्या नाहीत. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण ते छापलेलं त्यांना आवडणार नाही.

दादाची गाडी चालवण्यात काही कमी होतं का? नव्हतं. मी त्यानंतर या गोष्टीवर फार विचार केला. आपण गाडी चालवायला शिकतो ते माणसांच्या मध्ये. डोळे सतत कुणीतरी आडवं येण्याची वाट बघत असतात, पाय ब्रेकवर तयार असतो, हात कट मारायला तयार असतात, आणि पंक्चर झालं, तेल संपलं, गाडी गरम झाली की पाच मिनिटांत कोणीतरी येणार हे आपण गृहीत धरून निघतो. त्या गृहीतावर आपली अख्खी ड्रायव्हिंग उभी आहे. खडीच्या रस्त्यावर झटकन ब्रेक आणि झटकन वळवणं हीच गाडी उलटायची रीत आहे. तिथे ब्रेक लागायला डांबरापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं, आणि नव्या गाड्यांतली चाक न अडकू देणारी ब्रेकची व्यवस्था सुट्या खडीवर ते अंतर कधीकधी वाढवतेसुद्धा. म्हणून वेग आधीच उतरवायचा, वळणाच्या आधी, चढाच्या माथ्याच्या आधी, झुडपं रस्त्याला भिडली आहेत तिथे. जनावर आडवं आलंच तर ब्रेक सरळ रेषेत, दमादमाने, आणि स्टिअरिंग घट्ट धरून सरळ. इथले शिकवणारे स्पष्ट सांगतात की कांगारूला चुकवायला वळू नका. जनावराला धडक बसणं वाईटच, पण गाडी उलटणं त्याहून वाईट. आपल्या मनाला हे पटायला जड जातं, दादाला अजून जातं. पण निघण्याआधी मनाशी ठरवलेलं नसेल तर त्या एका सेकंदात हात जुन्या वळणावरच जातो.

धुळीचंही असंच आहे. समोरून रोड ट्रेन येते, म्हणजे एका इंजिनामागे तीन-तीन ट्रेलर. कमाल लांबी ५३.५ मीटर, एसटीच्या साडेचार गाड्या एकामागोमाग एक लावल्या तर होईल तेवढी. ती दगड उडवत जवळून जाते आणि मग मिनिट-दोन मिनिटं पुढचं काहीही दिसत नाही. अशा वेळी डावीकडे जितकं बाजूला होता येईल तितकं व्हायचं, दिवे लावायचे आणि थांबायचं. ती पुढे असेल आणि ओलांडायची असेल, तर तिच्या धुळीत शिरून अंदाजाने बाहेर पडायचं नाही. आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड भागात, जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत वायरलेस असतो, ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर बोलतात. त्यांना विचारलं तर ते मोकळेपणाने सांगतात, समोर काही नाही, या पुढे. वायरलेस नसेल तर मागे थांबून राहायचं, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. आणि आपल्या गावच्या पाणंदीवर उन्हाळ्यात घोटाभर फुफाटा असतो ना, तसा इथे गुडघाभर असतो. वरून तो सपाट दिसतो, खाली खड्डा किती खोल आहे याचा पत्ता लागत नाही.

पाऊस पडला तर बेत सोडून द्या. इथल्या नद्या वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या वाळूच्या असतात आणि रस्ता त्यांतून आपल्याकडच्या फरशीसारखा जातो, कडेला पाण्याची खोली दाखवणारे खांब असतात. वरच्या बाजूला कुठेतरी दूर पाऊस झाला तर निळ्या आभाळाखाली पाणी येतं. फरशीवरून वाहून गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही. रस्ता बंदची पाटी लावलेली असेल तर ती मोडून जाण्याला मोठा दंड आहे. रस्त्यांची स्थिती सरकार रोज संकेतस्थळावर देतं, निघायच्या दिवशी सकाळी ती पाहावी. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे पारा चाळिशीला टेकतो. मे ते ऑगस्ट हे महिने बरे. पाणी माणशी रोजचं निदान पाच लिटर, आणि ते प्रवासाच्या दिवसांपुरतंच नको, अडकलो तर म्हणून दोन-तीन दिवसांचं वर. सूर्य मावळल्यावर गाडी चालवूच नका, डांबरावरसुद्धा. कुंपण नसलेल्या प्रदेशात गुरं, उंट, कांगारू सगळे संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात.

भाडेकराराबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच आपली माणसं फसतात. मुंबई-पुण्याहून एजंटमार्फत साधी गाडी आधीच घेतलेली असते. बहुतेक करारांत साध्या गाडीला कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगीच नसते. चाक डांबराखाली उतरलं की विमा संपला. फोर-व्हील ड्राइव्ह घेतली तरी कोणते कच्चे रस्ते चालतील याची यादी असते. दुसरी कुठलीही गाडी नसताना एकटीच उलटली तर भरपाई नाही, अंधार पडल्यावर गावाबाहेर काही झालं तर भरपाई नाही, अशी कलमं बारीक अक्षरांत असतात. आमच्या करारात पहिलं कलम होतं. मी रस्त्यांची यादी वाचली होती, ते पान वाचलं नव्हतं. गाडीचे पैसे आम्हाला भरावे लागले, आणि दादाने हट्टाने त्यात आपल्या निवृत्तीच्या रकमेतला मोठा हिस्सा घातला. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. करार घेतलेल्या कंपनीबद्दल माझी तक्रार नाही, कलम छापलेलं होतं. पण सही करायच्या आधी ते तोंडाने सांगितलं असतं, तर मी त्याच टेबलावर बेत बदलला असता.

फोनवरच्या नकाशावरही विसंबू नका. ॲलिसहून किंग्ज कॅन्यनला जायला नकाशा कधीकधी अर्नेस्ट जाइल्स रोड दाखवतो, कारण अंतर कमी. तो सुमारे शंभर किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. नकाशावर तो आणि डांबरी रस्ता सारखेच दिसतात.

आणि मुळात खडीवर उतरायची गरजच नाही, हे त्या लेखात यायला हवं होतं. ॲलिस स्प्रिंग्जपासून स्टुअर्ट महामार्गाने दक्षिणेला दोनशे किलोमीटरवर अर्लडुंडा. तिथून उजवीकडे वळून लॅसेटर महामार्गाने सुमारे २४५ किलोमीटरवर युलारा, म्हणजे उलुरूचं गाव. किंग्ज कॅन्यनला त्याच वाटेवरून लुरिचा रोड फुटतो. सगळं डांबर आहे. उलुरू, काटा त्जुटाचे खडक आणि किंग्ज कॅन्यन, तिन्ही ठिकाणं साध्या गाडीने, विम्यासकट पाहून होतात. वेळ थोडा जास्त लागेल.

ज्यांना तरीही मेरीनी, ऊडनाडाटा ट्रॅक, टॅनमी किंवा गिब रिव्हर रोड असल्या कच्च्या रस्त्यांच्या वाटेला जायचंच आहे, त्यांना मी अडवणार नाही. ते रस्ते सुंदर आहेत, मीही पुन्हा गेले आहे. फक्त फोनएवढं एक संकटसूचक यंत्र बरोबर घ्या. बटण दाबलं की उपग्रहामार्फत कॅनबेराच्या बचाव केंद्राला तुमची जागा कळते. ते विकत मिळतं, काही ठिकाणी भाड्यानेही. नव्या काही फोनमधून उपग्रहाने मदत मागता येते, पण ते आपल्या फोनमध्ये चालतं का हे घरी असतानाच तपासावं. ००० हा इथला आणीबाणीचा क्रमांक, रेंज असेल तिथे. कुठून कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत पोचणार हे मागे एका माणसाला सांगून निघा, आणि पोचल्यावर त्याला कळवायला विसरू नका. आमच्याकडे २०१९ मध्ये ते यंत्र नव्हतं. मी नर्स असून नव्हतं, ही माझी चूक. आता ते माझ्या गाडीत गणपतीच्या मूर्तीशेजारी कायम असतं.

संपादक महोदय, आपल्या प्रवासाच्या पानाला एक मागणं आहे. परदेशात स्वतः गाडी चालवण्याविषयी लेख छापताना, त्यात सांगितलेला रस्ता डांबरी की कच्चा, भाड्याच्या गाडीला तो चालतो का, वाटेत फोन लागतो का आणि पेट्रोल किती अंतरावर मिळतं, एवढ्या चार गोष्टी लेखकाला विचारून लेखाखाली चौकटीत द्याव्यात. लेख वाचून माणसं खरोखर निघतात. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने तुमच्या त्याच लेखाचं कात्रण मला पाठवून, मेरीनीचा रस्ता कसा आहे, असं विचारलं आहे.

दादा आता बार्शीला असतो आणि तुमचं वर्तमानपत्र रोज घेतो. हे पत्र लिहिणार असल्याचं मी त्याला परवा फोनवर सांगितलं, आणि त्याचा उल्लेख फक्त "एक नातेवाईक" असा करू का, असं विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नको. एसटीचा ड्रायव्हर होता असं लिही. ३१ वर्षं लिही. आणि ब्रेक त्यानेच मारला, हेही लिही."

आपली एक वाचक,
ॲलिस स्प्रिंग्ज (मूळ गाव बार्शी, जि. सोलापूर)